छोट्या धंद्याचं सॉफ्टवेअर साधं कसं ठेवायचं : सोलापूरच्या पोरांसाठी

सोलापुरात आता युनिफॉर्मवाले, टॉवेल-चादरवाले, मार्केट यार्डातले अडते, सगळ्यांनाच "आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर" पाहिजे असतंय. ते बांधायला बसलेली पोरं बहुतेक इथंच इंजिनिअरिंग करून, थोडे दिवस पुण्यात काढून परत आलेली, नाहीतर जुळे सोलापुरात घरी बसून रिमोट काम करता करता बाजूला असली कामं घेणारी. पोरं हुशार असतात, हात चालतो. पण पुण्यातल्या कंपनीत जे जे बघितलं ते सगळं इथं आणून बसवायचा मोह त्यांना आवरत नाही. मायक्रोसर्व्हिस (एकाच सॉफ्टवेअरचे सुटे चालणारे छोटे तुकडे), काफ्का, कुबरनेटिस, रेडिस असली मोठ्या कंपन्यांची अवजारं, वर ॲप वेगळं आणि ॲडमिन पॅनल वेगळं. दोन किलो शेंगाचटणी आणायला दहाचाकी ट्रक काढल्यासारखं. मग पोराला चांगली नोकरी लागते, तो जातो, आणि मालकाकडं जे उरतं त्याला कुणी हात लावायला तयार नसतं.

तर हे एक उदाहरण धरून सांगतो. समजा युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्याचं काम तुमच्याकडं आलंय. एप्रिल ते जून सीझन, बाकीचं वर्ष निवांत. मालकाला ऑर्डर, माल, कारागिरांचा पगार आणि बिलं एका जागी पाहिजेत.

आधी लॅपटॉप बंद ठेवा

पहिला अर्धा दिवस कटिंगच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसायचं. कटिंग मास्टर काय करतो बघा. थरावर थर कापड कापून झालं की बंडल बांधतो आणि त्यावर एक चिठ्ठी लावतो : शाळा, साइज, नग, बंडल नंबर. ती चिठ्ठी बंडलाबरोबर शिलाईला जाते, मग काज-बटणाला, मग इस्त्री-पॅकिंगला. आपल्या डोक्यात लगेच घंटी वाजते की अरे वा, प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर स्कॅन करायला लावू, प्रत्येकाला लॉगिन देऊ, मालकाला लाइव्ह दिसेल. थांबा. दोन्ही हातात कापड असलेला, पीसवर पैसे मिळणारा माणूस दर बंडलाला खिशातून फोन काढून ॲप उघडणार नाही. पहिल्या आठवड्यात कौतुकानं करेल, दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी सगळी बंडलं एकदम टिक करून मोकळा होईल. मग तुमचा लाइव्ह डॅशबोर्ड खोटं बोलायला लागतो, आणि खोटं बोलणारा डॅशबोर्ड नसलेला बरा.

त्यापेक्षा मालकाला सरळ विचारा की रोज सकाळी तुम्हाला नेमकं काय कळायला पाहिजे. नव्वद टक्के वेळा उत्तर असं येतं की कुठल्या शाळेचा किती माल झालाय आणि किती बाकी आहे. याला किती नोंदी लागतात? दोन. कापलं किती, पॅक झालं किती. बरं, शिलाईवाल्यांचा पगार पीस रेटवर असतो म्हणून कुणी किती शिवलं ही तिसरी नोंद लागते, ती टाळता येत नाही. पण काज-बटणाला कधी गेलं, इस्त्रीवरून कधी आलं हे कुणीही विचारत नाही. ते टप्पे सिस्टीममध्ये घेतलेच नाहीत तर त्यांच्या स्क्रीन नाहीत, त्यांचे बग नाहीत, "चुकून पुढं ढकललं, मागं कसं आणू" हे फोन नाहीत. चिठ्ठ्या आहेत तशाच राहू देत. ऑफिसात एक्सेलवर बसणारी ताई असतेच, ती दिवसातून दोनदा चिठ्ठ्या बघून नोंदी टाकेल.

माझ्या मते खरी बचत इथं होते. कुठली लँग्वेज, कुठला फ्रेमवर्क (प्रोग्रामचा तयार सांगाडा) ह्यावर पोरं रात्र-रात्र भांडतात, पण जी गोष्ट बांधलीच नाही तिच्याइतकी साधी गोष्ट दुसरी कुठली नसते.

मग कागदावर गुणाकार करा

"स्केल झालं तर?" हा प्रश्न येणारच, म्हणून स्केल किती आहे ते आधीच काढून ठेवा. सीझनमध्ये दिवसाला ३०० ऑर्डर धरा, मुद्दाम जास्त धरतोय. एका ऑर्डरमध्ये शर्ट-पँट-स्कर्ट, साइज, रंग मिळून ३० ओळी. झाल्या ९,००० ओळी. ऑफिस १० तास, म्हणजे ३६,००० सेकंद. चार सेकंदाला एक ओळ! गर्दीच्या तासाला दहापट धरलं तरी सेकंदाला अडीच. साध्या मशीनवरचा पोस्टग्रेस हा डेटाबेस असल्या ओळी सेकंदाला शेकड्यांनी सहज घेतो.

साठ्याचंही तसंच. सीझनचे ९० दिवस धरले तर वर्षाला ८ लाख १० हजार ओळी, दहा वर्षांत ८१ लाख. ओळीला २०० बाइट धरले तर दीड-पावणेदोन जीबी, इंडेक्स (पटकन शोधायची सूची) वगैरे धरून चार-पाच म्हणा. तुमच्या फोनमध्ये गुड मॉर्निंगचे फोटो याच्याहून जास्त असतील.

हा कागद जपून ठेवा, फोटो काढून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच टाका. पुढं कुणीही शार्डिंग, क्लस्टर, डेटा लेक असलं अवाढव्य डेटासाठीचं काही म्हणालं की आधी हा कागद दाखवायचा आणि विचारायचं की यातला कुठला आकडा चुकलाय. आकडा खरंच चुकला असेल तर जरूर बदलू. नाहीतर चहा घ्या.

एक प्रोग्राम, एक डेटाबेस, एक मशीन

जँगो येत असेल तर जँगो, लाराव्हेल येत असेल तर लाराव्हेल. नवीन काहीतरी शिकायला मिळेल म्हणून मालकाच्या कामात नवीन फ्रेमवर्क घालू नका, नवीन गोष्टीचा पहिला फटका नेहमी सीझनच्या मधोमधच बसतो. पानं सर्व्हरवरूनच बनवून पाठवा. रिॲक्टमधला वेगळा फ्रंटएंड (लोकांना दिसणारा भाग), त्याला डेटा देणारी वेगळी एपीआय, त्या दोन्हींची व्हर्जन जुळवत बसणं हे सगळं दहा लोक वापरणार असलेल्या सिस्टीमला कशाला पाहिजे?

डेटाबेसला दोनच पर्याय बघा. कारखान्यातल्या एकाच मशीनवर प्रोग्राम चालणार आणि बाकीचे ब्राउझरमधून उघडणार असतील तर एसक्यूलाइट पुरतं. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली काढलं, आज जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनच्या आत ते आहे, आणि त्यांची स्वतःची वेबसाइटही त्याच्यावरच चालते. अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाइल, वेगळा सर्व्हर सांभाळायला नको. एका वेळी एकच जण लिहू शकतो ही त्याची मर्यादा आहे, पण चार सेकंदाला एक ओळ लिहिणाऱ्याला ती कधी जाणवणारच नाही. फक्त दोन गोष्टी कटाक्षानं पाळा. ती फाइल नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून दोन-तीन मशीनवरून उघडायची नाही, तिथं लॉकिंग (एक लिहीत असताना दुसऱ्याला थांबवणं) भरवशाचं नसतं आणि फाइल खराब होऊ शकते. आणि बॅकअप म्हणून चालू फाइल नुसती कॉपी-पेस्ट करायची नाही, एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप कमांड आहे, २०१९ पासून नव्या फाइलमध्ये प्रत काढणारी व्हॅक्यूम इन्टूही आहे, ते वापरायचं.

दोन-तीन ठिकाणी ऑफिसं असतील, दुकान नवी पेठेत आणि कारखाना अक्कलकोट रोडला असा प्रकार असेल, तर छोटा क्लाउड सर्व्हर घ्या आणि त्याच मशीनवर पोस्टग्रेस टाका.

"पण त्याच्यासाठी अमुक लागतंच की"

नाही लागत, बहुतेक वेळा. बिल झालं की ग्राहकाला मेसेज जायला पाहिजे, म्हणून पोरं लगेच मेसेज क्यू (मेसेज रांगेत लावणारं वेगळं सॉफ्टवेअर) शोधायला लागतात. एक टेबल करा : कुणाला, काय, पाठवलं का, किती वेळा प्रयत्न झाला. दर मिनिटाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) एक छोटा स्क्रिप्ट चालवा, तो न पाठवलेल्या ओळी उचलतो, पाठवतो, खूण करतो. एकाच वेळी दोन स्क्रिप्ट चालायची वेळ आली तर पोस्टग्रेसमध्ये २०१६ सालच्या ९.५ व्हर्जनपासून स्किप लॉक्ड आहे, एकानं धरलेली ओळ दुसरा सोडून पुढं जातो. आणि यात मजा अशी की मेसेज का गेला नाही हे बघायला कुठलं खास टूल लागत नाही, टेबल उघडलं की कळतं. फोनवर मालकाला सांगतासुद्धा येतं.

शोधायला इलॅस्टिकसर्चसारखं वेगळं सॉफ्टवेअर नको. दोन हजार ग्राहक असतील तर सगळी नावं एकदाच ब्राउझरमध्ये पाठवून तिथंच फिल्टर करा. आपल्याकडं नावांची गंमत वेगळी असते, तेलुगू आडनाव मराठीत एक लिहितो, इंग्रजीत दुसरा दुसऱ्याच स्पेलिंगनं लिहितो, त्यामुळं सर्च कितीही भारी केला तरी लोक शेवटी मोबाईल नंबरावरच शोधतात. मोबाईल नंबरावर इंडेक्स लावा.

लाइव्ह पाहिजे? पान दर मिनिटाला आपोआप रिफ्रेश करा. मालक भिंतीवरच्या टीव्हीवर बघणार आहे, त्याला वेबसॉकेट (बदल झाला की लगेच पानावर ढकलणारी सोय) आणि रिफ्रेशमधला फरक दिसत नाही. वेगवेगळे रिपोर्ट पाहिजेत? चार नेहमीचे रिपोर्ट द्या आणि बाकीच्याला "एक्सेलमध्ये काढा" असं बटण द्या. अकाउंटंटला एक्सेल तुमच्यापेक्षा जास्त येतं.

जीएसटीचं टेबल, जरा सावकाश

हे नीट वाचा, कारण साधं करणं आणि उरकून टाकणं यातला फरक इथं दिसतो.

कपड्यावरचा जीएसटी नगाच्या किमतीवर ठरतो. १ जुलै २०१७ पासून १,००० रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के आणि त्याच्यावर १२ टक्के होता. उरकून टाकणारा काय करतो? कोडमध्येच लिहितो, किंमत हजाराच्या वर असेल तर बारा नाहीतर पाच. दोन ओळी, झालं काम. याच्या उलट टोकाचा माणूस रूल इंजिन आणतो, नियम लिहायला वेगळी स्क्रीन, नियमांची प्रायॉरिटी, कोणी नियम बदलला त्याची मंजुरी, आणि तीन आठवडे त्यातच जातात.

मधला रस्ता म्हणजे तीन रकान्यांचं टेबल. कधीपासून, किती किमतीपर्यंत, किती टक्के. बिलाच्या तारखेला लागू असलेली सगळ्यात अलीकडची तारीख शोधायची, त्या तारखेच्या ओळींपैकी नगाच्या किमतीला बसणारी ओळ घ्यायची. एक साधी क्वेरी, नवीन पोराला पाच मिनिटात समजते. मग २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, २,५०० पर्यंत ५ टक्के आणि त्याच्यावर १८ टक्के झाले. टेबलवाल्यानं काय केलं असेल? आदल्या दिवशी दोन ओळी टाकल्या आणि झोपला. कोडमध्ये हजार लिहिलेल्यानं रात्री बारा वाजता कोड बदलला, आणि सकाळी कुणीतरी जुनं बिल परत प्रिंट करायला काढलं तर त्यावर नवा टॅक्स आला! शाळेनं माल परत केला तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानंच करायची असते, तिथंही मूळ बिलाची तारीख घेऊन त्याच टेबलात बघायचं.

त्याहून एक पायरी पुढं जा, बिल बनलं की लागलेला दर त्या बिलाच्या ओळीतच लिहून ठेवा. मग जुनं बिल छापताना हिशोब परत करायचाच नाही. आणि पैसे दशांशात न ठेवता पैशांत, पूर्णांकात ठेवा, म्हणजे ४९९ रुपये ५० पैसे हे ४९९५०. एक पैसा कुठं गेला हे मार्चएंडला शोधत बसायची वेळ येत नाही.

तर तारखेचा रकाना ही "उगाच केलेली" गुंतागुंत का नाही? कारण सरकार दर बदलतं हे आपल्याला आधीपासून माहीत होतं. उद्या मालक हॉटेल काढेल, परवा दुबईला ब्रँच टाकेल हे फक्त आपल्या डोक्यात असतं. जे नक्की बदलणार आहे त्याला जागा ठेवा, बाकीचं आल्यावर बघू.

ज्यात कंजूषी करायची नाही

साधं म्हणजे जुगाड नाही ओ. पासवर्ड कोडमध्ये लिहिणं, "डी ड्राइव्हमध्ये फोल्डर असलाच पाहिजे" असं धरून चालणं, ट्रान्झॅक्शन (सगळं सेव्ह होईल नाहीतर काहीच नाही अशी सोय) न वापरता ऑर्डर एकीकडं आणि ओळी दुसरीकडं सेव्ह करणं, याला साधं म्हणत नाहीत. बिल नंबर फॉर्म उघडतानाच ठरवा आणि त्यावर युनिक कन्स्ट्रेंट (तोच नंबर दुसऱ्यांदा न घेणारी अट) लावा, म्हणजे नेट अडकलं म्हणून ताईनं बटण तीनदा दाबलं तरी बिल एकच होतंय. कोणी काय कधी बदललं याची एक लॉग टेबल ठेवा. मालकांचा पुतण्या आणि कॅशियर यांच्यात कधी ना कधी "मी नाही केलं" होतंच.

बॅकअपचं खास सांगतो. बहुतेक जण रात्री दोन वाजताचा क्रॉन लावतात, तसं सगळीकडं शिकवलंय. पण आपल्याकडं कारखाना बंद करताना वॉचमन मेन स्विचच पाडतो, रात्री दोनला मशीन चालूच नसतं, आणि कित्येक महिने बॅकअप झालेलाच नाही हे हार्ड डिस्क उडाल्यावर कळतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत लावा. एक कॉपी त्याच मशीनवर, एक बाहेर. आणि महिन्यातून एकदा ती फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर उघडून कालचं शेवटचं बिल दिसतंय का बघा. रिस्टोर करून बघितला नाही तो बॅकअप मी मोजत नाही.

लायब्ररींचंही, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडचंही, इथंच सांगून टाकतो. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्टपॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या तयार कोडचं कोठार) काढून घेतलं आणि जगभरातले मोठमोठे प्रोजेक्ट बिल्ड होईनात. अकरा ओळी, मजकुराच्या डावीकडं शून्य किंवा रिकामी जागा भरायला! तारखा, पासवर्ड, पीडीएफ असल्या अवघड गोष्टींना लायब्ररी जरूर घ्या, स्वतः लिहायला जाऊ नका. संध्याकाळच्या आत लिहून आणि तपासून होणारं असेल तर मात्र स्वतः लिहा.

आपल्यातलाच कुणी ऐकत नसेल तर

कधी कधी मालक समजूतदार असतो आणि अडचण आपल्यातल्याच माणसाची असते. "काय करालास बे, एवढं जुनाट कोण वापरतंय आता" असं म्हणणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याच्याशी चांगलं-वाईट असा वाद घालू नका, तीन प्रश्न विचारा. हे नसेल तर नेमकं काय बंद पडेल? हे बंद पडलं तर कोण दुरुस्त करणार, जूनच्या पहिल्या सोमवारी, शाळेची माणसं दारात उभी असताना? आणि हे आत्ता न घालता सहा महिन्यांनी घालायचं ठरलं तर किती जास्त खर्च येईल? तिसऱ्याचं उत्तर बऱ्याचदा "फार काही नाही" असंच येतं, आणि मग आपोआप ठरतं.

काफ्का लिंक्डइनमध्ये बनलं, २०११ ला ओपन सोर्स झालं. कुबरनेटिस गुगलनं २०१४ ला बाहेर आणलं. त्यांच्याकडं तसले प्रश्न होते, हजारो मशीन, शेकडो टीम. आणि मोठ्यांनासुद्धा प्रत्येक ठिकाणी ते परवडतं असं नाही. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओमधल्या एका टीमनं २०२३ मध्ये स्वतः लिहिलं होतं की व्हिडिओची क्वालिटी तपासणारं त्यांचं एक टूल छोट्या छोट्या तुकड्यांतून काढून एकाच प्रोग्रामात आणलं आणि खर्च ९० टक्क्यांहून जास्त खाली आला. अख्खा प्राइम व्हिडिओ तसा केला नाही, ते एक टूल, हे पण लक्षात घ्या, नाहीतर लोक अर्धवट वाचून उड्या मारतात.

रेझ्युमेचा मुद्दा खरा आहे, नाकारत नाही. पुण्यातल्या इंटरव्ह्यूला मायक्रोसर्व्हिस विचारतात, मग पोरगं कुठं शिकणार? घरी शिका, स्वतःच्या लॅपटॉपवर चार सर्व्हिस उभ्या करा, पाडा, परत उभ्या करा, हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसून पुण्याला जाता-जाता वाचा. मालकाच्या पैशानं आणि त्याच्या सीझनवर प्रयोग करू नका एवढंच. शिवाय इंटरव्ह्यूत "मी अमुक का वापरलं नाही" हे आकड्यानिशी सांगता आलं तर समोरचा सीनियर माणूस सरसावून बसतो, हे मी समोरच्या खुर्चीत बसून बघितलंय.

सीझन संपल्यावर

जुलै-ऑगस्टमध्ये काम थंड होतं तेव्हा एक दिवस काढा आणि सिस्टीममधलं काय काढून टाकता येईल ते बघा. लॉगमध्ये बघा कुठला रिपोर्ट वर्षभरात कुणी उघडलाच नाही, कुठल्या रकान्यात सगळीकडं रिकामंच आहे, कुठली सेटिंग कुणी कधी बदलली नाही. कोड कमेंट करून ठेवू नका, सरळ काढा, गिटमध्ये (कोडच्या जुन्या प्रती सांभाळणारं टूल) असतोच. डेटाचा रकाना मात्र लगेच पाडायचा नाही, आधी नुसता स्क्रीनवरून काढायचा आणि पुढच्या सीझनपर्यंत वाट बघायची. मालकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर "माझं सॉफ्टवेअर कमी केलं" म्हणून रुसतो. आणि काढलेल्या रिपोर्टसाठी अकाउंटंटचा फोन आलाच तर गिटमधून परत आणायला दहा मिनिटं लागतात. बहुतेक वेळा फोन येतो तो दुसऱ्याच कशाचा तरी.